आजी पुढे, घर मागे: मोपा ते दिल्ली

चवथीचे पाच दिवस डिचोलीत गेले. माटोळी, म्हणजे गणपतीवर टांगायची फळापानांची चौकट, बांधून झाली, पातोळ्या झाल्या, घुमटाच्या साथीने आरत्या झाल्या आणि पाचव्या दिवशी भर पावसात विसर्जन झालं. येताना वंदे भारतने थिवीला उतरले होते. पावसाळी वेळापत्रकात ती गाडी आठवड्यातून तीनच दिवस धावते, शिवाय मला पुढे दिल्ली गाठायची होती, म्हणून निघताना उत्तर गोव्यातल्या मोपा विमानतळावरून विमान धरलं. लिहावंसं वाटतंय ते त्या अडीच तासांच्या उड्डाणाबद्दल, आणि त्यातही पहिल्या अर्ध्या-पाऊण तासाबद्दल.

माझी सीट इकॉनॉमीच्या पहिल्या रांगेत, आइलला, म्हणजे मधल्या वाटेकडची. समोर पार्टिशन आणि पडदा. पडद्यापलीकडे दोन-दोन खुर्च्यांच्या तीन रांगा, म्हणजे बारा जणांचा बिझनेस क्लास. त्यातल्या शेवटच्या रांगेत एक आजी बसल्या होत्या, साधी सुती साडी, डोक्यात अबोलीचा वळेसर. मुलगा, सून आणि सहा-सात वर्षांची नात माझ्यामागे चार-पाच रांगा सोडून. आजींचे गुडघे दुखतात म्हणून मुलाने चेक-इन काउंटरवर जादा पैसे भरून त्यांची एकटीची सीट पुढची करून घेतली होती. त्यांना बसवताना तो म्हणाला, "आई, इथे पाय पसरून आरामात बस. आम्ही मागेच आहोत." आजींनी मान हलवली, पण नजर मागे जाणाऱ्या नातीवर होती.

विमान उडालं. भाद्रपदातलं आभाळ, ढगांतून चढताना विमान चांगलंच हलत होतं, बेल्टचा दिवा विझायचं नाव घेत नव्हता. तेवढ्यात मुलाच्या लक्षात आलं की आईची दुपारची बीपीची गोळी त्याच्याच बॅगेत राहिली. तो उठून पुढे आला. उड्डाणाच्या वेळी पडदा बांधून ठेवतात, त्यामुळे सगळं मला दिसत होतं. पुढच्या दाराशी जंप सीटवर बेल्ट लावून बसलेल्या क्रूने माइकवरून बसून घ्यायला सांगितलं. तो थांबला नाही. तिने हात वर करून अडवलं तेव्हा तो मोठ्याने म्हणाला, "माझी आई आहे ती. दोन मिनिटांचं काम आहे." त्या आवाजाने आजी घाबरल्या आणि बेल्ट काढून उठायला लागल्या. शेजारच्या बाईंनी त्यांचा हात धरून त्यांना खाली बसवलं आणि कोंकणीत काहीतरी समजावलं. मुलगा संतापून परत गेला. मागे नात रडायला लागली.

दिवा विझल्यावर क्रूने स्वतः मागे जाऊन गोळी आणली आणि पाण्याबरोबर आजींना दिली. उशीर झाला तो दहा-पंधरा मिनिटांचा. पण त्यानंतर आजींनी काही खाल्लं नाही. काय हवं असं हिंदीत विचारलं की "नको", पुन्हा विचारलं की "नको". पांघरूण गळ्यापर्यंत ओढून त्या समोरच्या सीटकडे बघत राहिल्या.

मला मुलाची बाजू कळते आणि क्रूचीही. ढगांतून चढत्या विमानात उभा असलेला माणूस स्वतः तर आदळतोच, पण बसलेल्या दुसऱ्या कोणावर तरी पडतो, म्हणून बेल्टचा दिवा चालू असताना कोणतंही नातं चालत नाही. आपल्याकडच्या नियमाप्रमाणे दर ५० सीटमागे एक क्रू असते. १८० सीटच्या विमानात चार जणी. त्यातल्या एक-दोघी पुढे, आणि त्या दार, कॉकपिट आणि पुढचे प्रवासी सांभाळत असतात. एवढ्या कमी माणसांना आपण घरच्या निरोप्यासारखं वापरतो, याचा मला खरोखर राग येतो. पण त्या गोळीचा घोळ आकाशात झालेला नव्हता. तो मोपाच्या काउंटरवर झाला होता, सीट वर करून घेताना कोणी पिशवी उघडून पाहिली नाही तेव्हा.

म्हणून एकाच विमानात दोन वर्गांत बसायचं असेल तर काय काय करावं लागतं, ते नीट लिहिते.

सुरुवात तिकिटापासून. एका पीएनआरवर, म्हणजे एका बुकिंग नंबरवर, एका उड्डाणात साधारणपणे सगळे एकाच वर्गाचे असतात. एकाला बिझनेस आणि बाकीच्यांना इकॉनॉमी हवं असेल तर दोन पीएनआर काढावे लागतात. आधी एकत्र बुकिंग असेल आणि त्यातल्या एकालाच वर नेलं, तर एअरलाइन तो पीएनआर तोडून त्या माणसाचा वेगळा करते. हे काउंटरवर अर्ध्या मिनिटात होतं आणि कोणी त्याचा अर्थ समजावत नाही. अर्थ असा की कॉम्प्युटरच्या लेखी आता ही दोन अनोळखी बुकिंगं आहेत. विमान रद्द झालं किंवा वेळ बदलली तर आई सकाळच्या विमानात आणि मुलगा रात्रीच्या, असं होऊ शकतं. त्यामुळे दोन पीएनआर झाले की एअरलाइनला फोन करून दोन्हींत एकमेकांची नोंद करून घ्यावी. ही नोंद नुसता शेरा असते, तिच्यामुळे आपोआप काही घडत नाही, पण अडचणीच्या वेळी काउंटरवरच्या माणसाला ती दिसते. दोन्ही बुकिंगना घरातल्या जाणत्या माणसाचा एकच मोबाइल नंबर द्यावा. गेट बदलल्याचा मेसेज आजींच्या साध्या फोनवर येऊन पडला तर त्याचा काही उपयोग नाही.

गोव्यात याला आणखी एक फाटा आहे. दाबोळीचा कोड जीओआय, मोपाचा जीओएक्स. जानेवारी २०२३मध्ये मोपाहून उड्डाणं सुरू झाली तेव्हापासून "गोवा" टाइप केलं की दोन्ही विमानतळ समोर येतात. एकाच वेळी एकाच स्क्रीनवर चार तिकिटं काढताना ही चूक सहसा होत नाही. मुलीने पुण्यात बसून आईचं बिझनेसचं तिकीट काढलं आणि मुलाने म्हापशात बसून बाकीच्यांचं, की होते. दोन विमानतळांमध्ये रस्त्याने दीड-दोन तास जातात, चवथीच्या गर्दीत त्याहून जास्त, आणि चेक-इन काउंटर देशांतर्गत उड्डाणाला ६० मिनिटं आधी बंद होतो. वेगळे पीएनआर काढणार असाल तर विमानतळाचा कोड, उड्डाणाचा नंबर आणि तारीख, या तीन गोष्टी फोनवर एकमेकांना वाचून दाखवा. रात्री बाराच्या पुढची उड्डाणं तर तारखेसाठी दोनदा वाचा.

मुलं असतील तर ती कोणाच्या पीएनआरवर घालायची हे आधी ठरवावं लागतं. विमान वाहतुकीचे नियम ठरवणाऱ्या डीजीसीए या सरकारी संस्थेने एप्रिल २०२४मध्ये एअरलाइन्सना सांगितलं की १२ वर्षांपर्यंतच्या मुलाला त्याच पीएनआरवरच्या आई-वडिलांपैकी किंवा पालकांपैकी निदान एकाशेजारी सीट द्यायची. त्यातले "त्याच पीएनआरवरच्या" हे शब्द महत्त्वाचे. बाबा बिझनेसमध्ये, आई इकॉनॉमीत, आणि मुलाचं नाव चुकून तिसऱ्याच बुकिंगवर, असं केलंत तर या नियमाचा आधार राहत नाही. मूल ज्याच्याजवळ बसणार त्याच्याच पीएनआरवर हवं. आणि आई-बाबा दोघंही पुढे, मुलं मागे, हे तर करूच नये. मागे बसलेल्या परक्या माणसाने तुमच्या मुलाला ज्यूसचं झाकण उघडून द्यायचं, उलटीची पिशवी धरायची, हे त्याच्या तिकिटात लिहिलेलं नसतं.

दोन वर्षांखालचं बाळ मांडीवर असतं. त्याला "जरा वेळ पुढे आजीकडे" म्हणून पाठवायचा मोह होतो. पण नेहमीच्या लहान विमानात तीन सीटच्या वर बहुधा चार ऑक्सिजन मास्क असतात, म्हणजे एका गटात एकच मांडीवरचं बाळ चालतं. बाळाचा बेल्टही ज्याच्या नावावर बाळ आहे त्याच्या बेल्टला अडकवलेला असतो. दिवा विझलेला असताना क्रूला विचारून आजीला दाखवून आणलं तर ठीक. उडताना, उतरताना आणि हवा खराब असताना बाळ जिथे नोंदलंय तिथेच असायला हवं.

आता पुढे कोणी बसायचं. आपल्याकडे हा प्रश्न विचारलाच जात नाही, सर्वांत मोठ्या माणसाला मान म्हणून पुढे बसवलं जातं. माझं मत वेगळं आहे. ज्याला एकट्याने विमानात बसायची सवय आहे, जो क्रूशी बोलू शकतो, ज्याला मध्येच कोणाची मदत लागत नाही, त्याने पुढे बसावं. सत्तरीच्या पुढची, पहिल्या-दुसऱ्यांदा विमानात बसणारी बाई रुंद सीटवर एकटी बसून काय करणार? बटण कुठलं दाबायचं माहीत नाही, समोर आलेल्या ट्रेमधलं शाकाहारी कोणतं ते कळत नाही, बाथरूमला जायचं तर विचारायचं कोणाला. तिला आधी विचारा. सीट किती रुंद आहे हे सांगून विचारू नका, "अडीच तास एकटी बसशील का?" असं विचारा. नाही म्हणाली तर ते पैसे चौघांसाठी पुढच्या रांगेतल्या किंवा जास्त जागेच्या इकॉनॉमी सीटवर खर्च करा.

गुडघ्यांसाठी म्हणून पुढची सीट घेत असाल तर आणखी एक बघा. बिझनेसच्या सीटचे हात बऱ्याचदा वर होत नाहीत, कारण ट्रे त्या हातातच बसवलेला असतो. पार्टिशनमागच्या पहिल्या रांगेतही तसंच. उलट इकॉनॉमीतल्या बहुतेक आइल सीटच्या बाहेरच्या हाताखाली, बिजागरीजवळ, बोटाने चाचपून कळेल असं एक छोटं बटण असतं. ते दाबून धरलं की हात सरळ वर उचलता येतो आणि गुडघे दुखणारा माणूस पाय आधी बाहेर काढून, मग उठू शकतो. क्रूला विचारलंत तर त्या दाखवतात. चालणं अवघड असेल तर व्हीलचेअर बुकिंगच्या वेळीच, निदान ४८ तास आधी, सांगून ठेवावी. मात्र व्हीलचेअरचे प्रवासी आधी चढतात आणि सर्वांत शेवटी उतरतात, म्हणजे पुढच्या सीटचा लवकर उतरण्याचा फायदा तसाही मिळत नाही.

इतकं करून मोठ्या माणसाला पुढे बसवायचं ठरलंच, तर त्यांच्या स्वतःच्या पर्समध्ये काय हवं ते सांगते. त्या दिवसाच्या सगळ्या गोळ्या आणि एक जादा डोस. चष्मा. श्रवणयंत्र असेल तर त्याची बॅटरी. बोर्डिंग पासचा कागद, कारण मुलाच्या मोबाइलमधला पास आईच्या उपयोगाचा नाही. ओळखपत्र. शाल. थोडे पैसे. आणि एका चिठ्ठीवर मोठ्या अक्षरात मागे बसलेल्या मुलाचं नाव आणि सीट नंबर. ही चिठ्ठी क्रूच्या हातात दिली की भाषा येवो न येवो, काम होतं. पर्स वरच्या कप्प्यात नको. पहिल्या रांगेत समोर सीट नसल्यामुळे उडताना-उतरताना पर्स वरच ठेवायला लावतात, म्हणून एकट्या ज्येष्ठाला पहिली रांग घेऊ नये, दुसरी किंवा तिसरी घ्यावी. जेवण शाकाहारी किंवा जैन हवं असेल तर एक दिवस आधीच नोंदवावं. पुढचं जेवण बारा जणांपुरतं मोजून चढवलेलं असतं, ऐनवेळी बदलायला दुसरं नसतं.

सामानाचंही बघायला हवं. देशांतर्गत इकॉनॉमीत साधारण १५ किलो चेक-इन सामान मिळतं, बिझनेसमध्ये त्याहून बरंच जास्त. लोकांना वाटतं आईच्या तिकिटावर सगळ्यांचं वजन चालेल. पीएनआर वेगळे असले की अनेकदा वजन एकत्र धरत नाहीत. मग उपाय एकच, सामान घरीच तसं वाटून भरायचं, काजूची जड बॅग बिझनेसच्या नावावर आणि कपड्यांच्या हलक्या बॅगा इकॉनॉमीच्या. पण फेणी सगळी एका बॅगेत भरू नका. २४ ते ७० टक्के अल्कोहोल असलेली पेयं माणशी ५ लिटरपर्यंतच चेक-इनमध्ये नेता येतात, आणि तीही दुकानातल्या सीलबंद बाटलीत. ओळखीच्या भट्टीवरून पाण्याच्या बाटलीत भरून आणलेली फेणी स्कॅनरवर अडकते, मग बिझनेसचं तिकीट असो वा कोणतंही.

बोर्डिंगला पुढच्या वर्गाला आधी बोलावतात. त्या रांगेत इकॉनॉमीच्या नातेवाइकांनी घुसू नये. सोबत जायचंच असेल तर बिझनेसच्या माणसाने थांबून आपल्या लोकांबरोबर मागाहून चढावं, त्याला कोणी अडवत नाही. एकट्या ज्येष्ठाला सीटपर्यंत पोचवायचं असेल तर गेटवरच्या माणसाला तसं सांगा. बहुतेक वेळा एकाला सोबत सोडतात. बसवून, बेल्ट लावून दाखवून, लगेच मागे. इकॉनॉमीतल्या माणसाने आपली ट्रॉली बॅग पुढच्या कप्प्यात ठेवून जाणं हा तर सरळ दुसऱ्याच्या जागेवर डल्ला आहे, आणि उतरताना ती काढायला उलट्या दिशेने यावं लागतं ते वेगळंच.

विमान सरळ झालं, दिवा विझला, की सगळ्यांना एकमेकांकडे जावंसं वाटतं. इथला शिष्टाचार एका ओळीत मावतो. पुढचा माणूस मागे येऊ शकतो, मागच्याने पुढे जाऊ नये. हा वर्गाचा माज आहे असं अनेकांना वाटतं. मला तसं वाटत नाही. पुढची जागा लहान, तिथल्या बारा जणांनी शांततेचे पैसे मोजलेले, आणि मागून एक नातेवाईक आला की त्याच्यामागे दुसरा येतोच. शिवाय पुढचं टॉयलेट कॉकपिटच्या दाराला लागून असतं. पायलट बाहेर येतात तेव्हा क्रू ट्रॉली आडवी लावून वाट अडवतात, त्या वेळी तिथे कोणीही उभं नको असतं. मागे दीडशे माणसांना दोन-तीन टॉयलेट आणि पुढे बारा जणांना एक, हे विषम आहे यात शंका नाही. तरी खरोखर अडचण असेल, लहान मूल असेल, पोट बिघडलं असेल, तर पडदा सारून आत न शिरता क्रूला विचारा. विचारणाऱ्याला त्या सहसा नाही म्हणत नाहीत.

पुढच्या माणसाने मागे आल्यावर आइलमध्ये उभं राहून गप्पा मारत बसू नये. ट्रॉली निघायच्या आधी किंवा सगळे ट्रे उचलल्यानंतर यावं, दोन-चार मिनिटं बोलावं आणि परत जावं. शेजारची सीट रिकामी असेल तर क्रूला सांगून बसावं. आर्मरेस्टवर टेकून उभं राहिलात की शेजारच्या आइलवाल्याच्या खांद्याला तुमची कंबर लागते, हे उभ्या माणसाला कधीच जाणवत नाही. गोवा ते मुंबई असेल तर यातलं काहीच करू नका. हवेतला वेळ तासाच्या आत, त्यातला चढण्या-उतरण्याचा भाग वजा केला तर क्रूला खाणं वाटून ट्रे गोळा करायला जेमतेम अर्धा तास मिळतो.

पुढचं जेवण मागे पाठवणं ही आपली खास सवय. मुलाला गोड आवडतं म्हणून आजी वाटी बाजूला काढून ठेवतात. पाकीटबंद बिस्किट, चॉकलेट पिशवीत घालून आणलं तर कोणाचं काही जात नाही. पण काचेचे ग्लास, चिनी मातीच्या वाट्या, गरम चहा घेऊन आइलमधून चालणं धोक्याचं आहे. देशांतर्गत उड्डाणात दारू दिलीच जात नाही, त्यामुळे तो प्रश्न येत नाही. परदेशच्या विमानात येतो, आणि तिथे पुढचा ग्लास मागे पोचवणं क्रूला अजिबात चालत नाही, कारण कोणी किती घेतली यावर त्यांचं लक्ष असावं लागतं.

"अर्धा वेळ तू बस, अर्धा वेळ मी" ही अदलाबदल दोघांचीच असेल तर काही एअरलाइन्स मान्य करतात, बऱ्याच करत नाहीत. सीट नंबर नावाशी जोडलेला असतो. कोणाला ॲलर्जी आहे, कोणाचं खास जेवण आहे, हे सगळं त्या नंबरवरून चालतं. त्यामुळे विमान उडायच्या आधी मुख्य क्रूला विचारावं आणि नाही म्हटल्यावर वाद घालू नये. अनोळखी माणसाला सीट बदलायला सांगायचं तर त्याला आपल्यापेक्षा चांगली किंवा निदान तेवढीच जागा द्यायची. आइलच्या बदल्यात मधली सीट मागणं हा अन्याय आहे. त्याने कदाचित त्या सीटसाठी वेगळे पैसे भरलेले असतात.

आपल्या मर्जीने खालच्या वर्गात बसलात तर परतावा मिळत नाही. पण एअरलाइनने स्वतःहून तुम्हाला खाली बसवलं, तर १५ फेब्रुवारी २०२३पासून लागू असलेल्या डीजीसीएच्या नियमाप्रमाणे देशांतर्गत प्रवासात करांसह तिकिटाच्या ७५ टक्के रक्कम परत द्यावी लागते. आंतरराष्ट्रीय प्रवासात अंतर १५०० किलोमीटरपर्यंत असेल तर ३० टक्के, ३५०० पर्यंत ५० आणि त्यापुढे ७५. हे लोकांना माहीत नसतं, आणि जोडप्यातल्या एकाला असं खाली आणलं की दोघं भांडतात ते एकमेकांशी.

मोपाहून दोहामार्गे युरोप-अमेरिकेला जाणाऱ्यांसाठी थोडंसं. लाउंज ज्याच्या तिकिटावर आहे त्याचाच, सोबत पाहुणा नेता येईलच असं नाही. नेता येत नसेल तर दोघांनी गेटपाशी बसावं असं मला वाटतं. तीन तास एकट्याला बाकड्यावर ठेवून आत बुफे खाणं मला पटत नाही. रात्रीच्या लांबच्या उड्डाणात दिवे मंद झाले की भेटीगाठी बंद. आणि फ्लाय९१च्या एटीआर विमानाने मोपाहून जळगावला, सोलापूरला जाणाऱ्यांना यातलं काहीच लागू नाही. तिथे एकच वर्ग, आणि प्रवाशांचं दार शेपटीकडे, त्यामुळे मागच्या रांगा आधी उतरतात. फक्त आपल्या मनाने सीट बदलू नका. विमान लहान, कोण कुठे बसलंय यावर त्याचा तोल ठरवलेला असतो.

दिल्लीला पोचायला तास-सव्वा तास होता तेव्हा मुख्य क्रू आजींपाशी गुडघ्यावर बसली. शेजारच्या बाईंनी दुभाषीपण केलं. आजी एवढंच म्हणाल्या, "मला मागे पोरांकडे नेऊन सोड." क्रूने मागे जाऊन पाहिलं, मुलाच्या रांगेतली वाटेपलीकडची आइल सीट रिकामी होती. मुलगा तिकडे सरकला, आजी त्याच्या जागी आल्या. क्रूने दोघांचेही नवे सीट नंबर लिहून घेतले आणि आजींची पर्स आणून त्यांच्या समोरच्या सीटखाली ठेवली. मुलगा तिला हळूच "सॉरी" म्हणाला. नातीने डबा उघडला. आजींनी नेवरी मोडून अर्धी तिला दिली, अर्धी स्वतः खाल्ली.

उतरल्यावर भेटायची जागा सामानाचा पट्टा हीच ठेवावी. एरोब्रिजच्या तोंडाशी थांबलं की मागून येणारे दीडशे जण अडतात. बस असेल तर मागचं दारही उघडतात आणि दोघं वेगवेगळ्या बसमध्ये जातात. पुढचा माणूस आधी पोचला म्हणून उत्साहाने बाहेर टॅक्सी बघायला गेला, तर त्याला परत आत सोडत नाहीत.

आम्ही पट्ट्यापाशी होतो. प्रायॉरिटीचा टॅग असल्यामुळे आजींची बॅग सर्वांत आधी आली, आणि बाकीच्या तीन बॅगांसाठी ते सगळे पंचवीस मिनिटं तिच्याभोवती उभे होते. मुलगा मोबाइलवर परतीच्या तिकिटाचा सीट मॅप उघडून बसला होता आणि सून सांगत होती: छोटी खिडकीशी, मी मध्ये, आई आइलला, आणि तुम्ही पलीकडच्या आइलला. "आणि तो हात वर होतो ना, त्या सीटचा?" आजींनी विचारलं.